चालत्या वजनाचा धडा

हिंगोलीच्या महेबूब मिस्त्रीने आयुष्यभर विहिरी बांधल्या. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ओळंबा सोडून एक डोळा मिटला की दगड किती बाहेर आलाय ते तो सुतासुताने सांगायचा. त्याचा धाकटा मुलगा कादर मात्र दगडापेक्षा पाटीवर रमायचा. शाळेतल्या मौलवींनी एक दिवस मिस्त्रीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "पोरगं हिशेबात तेज आहे. त्याच्या हातात थापी देऊ नका. हैदराबादला धाडा."

म्हणून १९३० साली कादर ओव्हरसियरचा कोर्स करायला हैदराबादला गेला. सगळं शिक्षण उर्दूतून होतं. शाळेची इमारत दुमजली. खालच्या मजल्यावर पूल, छपरं, भिंती, पाये शिकवले जात. तिथे लाकडाचे नमुने होते, नकाशांची मेजं होती. कुठल्या तुळईवर किती वजन ठेवलं की ती किती वाकेल, हे तिथे मोजायचं. या विद्येला सुकूनियात म्हणायचे, म्हणजे थांबलेल्या वजनांचं शास्त्र. वरच्या मजल्यावर हरकियात शिकवत. ते हलणाऱ्या वस्तूंचं शास्त्र होतं. तिथे नमुने नव्हते, फक्त एक मोठा फळा. म्हातारे उस्ताद फळ्यावर लंबक काढत, गोफणीतून सुटलेला दगड काढत, स्प्रिंगला टांगलेलं वजन काढत, आणि त्यांच्या खाली भराभरा समीकरणं लिहीत. पोरं ती उतरवून घेत आणि पाठ करत. तास संपला की जिना उतरून पुलाच्या तासाला येऊन बसत. दोन्ही मजल्यांना जोडणारा तो एवढा जिनाच होता. तीन वर्षांनी कादर दोन्ही विषयांत पहिला आला.

त्याची नेमणूक हिंगोलीलाच झाली. खुर्शीदबीशी लग्न झालं. रस्त्यांची खडी मोजणं, मोऱ्या बांधणं, सरकारी इमारतींची गळकी छपरं बघणं, अशी कामं चालू होती. आणि १९३४ च्या पावसाळ्यानंतर धनगरवाडीचा मसाजी त्याच्याकडे आला.

धनगरवाडी ही जवळा बाजारच्या समोर, ओढ्यापलीकडची वीस-पंचवीस घरांची वस्ती. मसाजी तिथला कर्ता माणूस. उंच, हाडकुळा, खांद्यावर घोंगडं. कचेरीच्या दारात तो चपला काढून उभा राहिला.

"साहेब, आमी वाडीवाले पावसाळाभर अडकून पडतो. वढा सोडत न्हाई. बाजार समोर दिसून राहिला, पन जाता येत न्हाई. काही करता आलं तर बघा."

कादर दुसऱ्याच दिवशी घोड्यावरून ओढा बघायला गेला. दोन्ही काठ उंच, मधे ऐंशी फुटांचं अंतर, खाली काळे खडक. दगडी पूल मंजूर होणार नव्हता. पण जवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, लोखंडी दोरखंड पडून होते. ते मिळाले. सागाचे चार खांब सरकारी लाकडातून मिळाले. कादरने झुलता पूल आखला. दोन बाजूंना दोरखंड, त्यांना लोंबत्या सळ्या, सळ्यांना बांधलेल्या फळ्या. पाच फूट रुंद. वाडीच्या बाप्यांनी खड्डे खणले, बायांनी दगड वाहिले.

आकडेमोड त्याने तीनदा केली. पुलावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर किती वजन होईल, ते धरलं. खालच्या मजल्यावर शिकवलं होतं, चालत्या वजनासाठी चौथा हिस्सा जास्त धरा. तोही धरला. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून परीक्षा घ्यायचं ठरवलं. खुर्शीदबीने घरी बसून गोणपाटाची पोती शिवून दिली. त्यांत वाळू भरून अडीचशे मण वजन पुलावर रचलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. पूल वाकला तो हिशेबात होता तेवढाच, आणि पोती काढल्यावर सरळ झाला. कादरच्या बापाने, म्हाताऱ्या मिस्त्रीने, काठावर बसून ते सगळं पाहिलं आणि लेकाला म्हणाला, "बराबर आहे."

दोन वर्षं पूल उत्तम चालला. वाडीची लेकरं बाजारच्या शाळेत जाऊ लागली. मसाजीची मेंढरं रोज सकाळी पुलावरून अलीकडे चरायला यायची आणि दिवस कलायच्या आत परत जायची.

१९३६ ची चंपाषष्ठी. अलीकडच्या काठावर खंडोबाचं ठाणं होतं. वाडीच्या लोकांनी ठरवलं, यंदा देवाला ढोल वाजवत पुलावरूनच जायचं. कादरला जेवणाचं निमंत्रण होतं. तो सकाळी नऊच्या सुमाराला बाजारच्या बाजूला, खांबाजवळ उभा होता. खेमा ढोलवाला पुढे, त्याच्यामागे दोन-दोनच्या रांगेत पागोटी बांधलेले बाप्ये, त्यांच्यामागे बाया. चाळीसेक माणसं होती. खेमाने ढोलावर थाप टाकली आणि सगळ्यांची पावलं एकदम उचलली गेली, एकदम पडली. डोक्यावरून भंडारा उधळला.

पूल हलायला लागला. आधी अगदी थोडा. नाचणाऱ्यांना त्याची गंमत वाटली. पायाखालची फळी पावलाबरोबर खाली जात होती आणि पाऊल उचलताना आपोआप वर येत होती. कोणीतरी हसून "येळकोट" म्हणून ओरडलं आणि सगळे आणखी जोराने पाय आपटू लागले. कादरही क्षणभर हसला. मग त्याने पाहिलं की मधली फळी हातभर खाली जातेय आणि हातभर वर येतेय. त्याचं हसू मावळलं. तो ओरडला, "थांबा! ढोल थांबवा!" ढोलाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. तो पुढे धावला, तेवढ्यात मधली एक सळी तुटली. तिच्या शेजारची तुटली. मग एका बाजूच्या सळ्या ओळीने सुटत गेल्या आणि पुलाची फळी ताट कलंडावं तशी कलंडली.

बरेचजण दोरखंडाला लोंबकळले, काही पाण्यात पडले आणि वाचले. पण खेमा ढोलासकट खडकावर पडून मेला, आणि मसाजीची लेक मिराबाईही. ती वीस वर्षांची होती. सणासाठी माहेरी आली होती.

चौकशी झाली. वरून एक अधिकारी आले, त्यांनी दोरखंड तपासले, सळ्या तपासल्या, कादरचे कागद दोन दिवस बसून पाहिले. कुठेच चूक नव्हती. वाळूच्या पोत्यांची परीक्षाही नोंदलेली होती. अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं, की पुलाच्या बांधणीत दोष नाही. जमावाने नाचून-उड्या मारून पुलाची नासधूस केली. जाताना ते कादरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यावर डाग नाही. निश्चिंत राहा."

घरी आल्यावर कादरने हे खुर्शीदबीला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाली, "मग तुमचा चेहरा असा काहून?"

कादर उठून ओट्यावर जाऊन बसला.

दिवसकार्य उरकल्यावर कादर वाडीला गेला. ओढ्यात पाणी गुडघाभर राहिलं होतं, तो त्यातून चालत पलीकडे गेला. मसाजी घरापुढे बसला होता. त्याची बायको यशोदाबाई आत होती, ती बाहेर आली नाही. कादर त्याच्याशेजारी बसला. मग मसाजीनेच विचारलं.

"साहेब, मी अडाणी मानूस. पन येक इचारू?"

"विचारा, मसाजीबा."

"माही तीनशे मेंढरं रोज त्या पुलावरून जायची. येका टायमाला शंभर तरी पुलावर राहायची. आमी चाळीस मानसं व्हतो. शंभर मेंढरांचं वजन जास्त का चाळीस मानसांचं?"

"मेंढरांचं."

"मंग मेंढरांनी पूल कधी हलला न्हाई, अन् आमच्यानं काहून पडला?"

कादर मान खाली घालून बसला. तीन वर्षं शिकला होता, दोन्ही विषयांत पहिला आला होता, आणि एका धनगराच्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येत नव्हतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण मी शोधून काढीन."

त्याने आठ दिवसांची रजा घेतली. ट्रंकेतून शाळेतल्या सगळ्या वह्या काढल्या, फडक्यात बांधल्या आणि हिंगोलीच्या स्टेशनावर गाडीत बसला. पूर्णेला गाडी बदलून तो हैदराबादला पोचला आणि थेट वरच्या मजल्याच्या उस्तादांच्या घरी गेला. ते आता नोकरीतून निवृत्त झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुपारच्या उन्हात अंगणातल्या बाजेवर ते बसले होते. कादरने सगळं सांगितलं. ढोल, पावलं, हातभर वर-खाली जाणारी फळी, मसाजीची मेंढरं.

उस्तादांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "हरकियातची वही आणलीस?"

"जी."

"शेवटच्या वर्षाची. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा प्रश्न काढ. मोठ्याने वाच."

कादरने पान काढलं. स्वतःच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं तो वाचू लागला. "एक वजन स्प्रिंगला टांगले आहे. त्याला एक वेळ धक्का दिला असता ते स्वतःच्या ठरावीक गतीने वर-खाली होते. आता त्याच गतीशी जुळवून त्याला पुन्हापुन्हा थोडाथोडा जोर दिला, तर झोका किती होईल?"

"तू काय उत्तर लिहिलं होतंस?"

कादरने पान उलटलं. दोन पानं समीकरणं होती, आणि शेवटी एक ओळ. ती त्याने वाचली. "झोका प्रत्येक फेऱ्याला वाढत जाईल. अडवणारे काही नसेल तर वाढीला सीमा नाही."

खाली लाल शाईत उस्तादांची सही होती आणि लिहिलं होतं, शाबाश.

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. उस्ताद म्हणाले, "ते वजन म्हणजे तुझा पूल, कादर. आणि तो थोडाथोडा जोर म्हणजे त्या लोकांची पावलं. मेंढरू आपल्या मर्जीने चालतं. शंभर मेंढरांची चारशे पावलं, एक वर तर एक खाली, एकमेकांना खाऊन टाकतात. चाळीस माणसं ढोलावर चालली की ती चाळीस राहत नाहीत. पाऊल एकच होतं, आणि ते पुलाच्या झोक्याला बरोबर गाठून पडतं. लेकराला झोका देताना आपण काय करतो?"

"तुम्हाला हे माहीत होतं?" कादरने विचारलं. असं तो उस्तादांशी कधी बोलला नव्हता.

"होतं. विलायतेत फौजेच्या पावलांनी पूल पडलेत, शंभर वर्षं झाली. मी वाचलं होतं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

म्हाताऱ्याने डोळे पुसले. मोतीबिंदूने त्यांना नेहमीच पाणी यायचं, पण कादरला वाटलं ते त्यामुळे नव्हतं. "माझा विषय गणित होता. पूल खाली शिकवले जात. चौदा वर्षं मी तो प्रश्न शिकवला, आणि चौदा वर्षांत वर्गात पूल हा शब्द उच्चारला नाही. तो माझा तास नव्हता. आणि खाली चौथा हिस्सा जास्त धरा म्हणून सांगत. तो कशासाठी, हे कधी सांगितलं?"

"नाही."

"ते शिकवणाऱ्यालाही कोणी सांगितलं नसेल."

परतीच्या गाडीत कादर खिडकीशी बसला होता. बाहेर कापसाची शेतं, ज्वारीची शेतं मागे जात होती. गाडी पुलावरून गेली की तो श्वास रोखून पायाखालचा कंप ऐकायचा.

हिंगोलीला आल्यावर त्याने वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. अहवाल दुरुस्त करावा. लोकांचा दोष नाही. पुलाच्या आखणीत चालत्या पावलांचा विचार झाला नव्हता, आणि आखणी माझी होती. उत्तर आलं की फाईल बंद झाली आहे. त्याने पुन्हा लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर त्याला बोलावून समज दिली गेली. "तुम्ही स्वतःचा दोष मान्य केलात की ज्यांनी तुमचे कागद तपासले त्यांचाही दोष होतो. हे कळतं का तुम्हाला?" कादर म्हणाला, कळतं. त्यानंतर त्याला पुलांची कामं दिली गेली नाहीत. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांना चुना लावून घेण्याचं काम मिळालं. वर्षभर ते करून १९३८ साली त्याने नोकरी सोडली.

बाप खचला. पण खुर्शीदबी एका शब्दानेही बोलली नाही. त्यानंतर कादर शेतकऱ्यांच्या विहिरींची आखणी करून देऊ लागला, शेताच्या मोजण्या करू लागला, आणि शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, घरामागच्या मोकळ्या आवारात शिकवणी घेऊ लागला. खात्याच्या परीक्षेला बसणारे मिस्त्री, मुकादम, रस्त्यावर काम करणारी हुशार माणसं त्याच्याकडे यायची. पहिल्या वर्षी पाच होती, पुढे बारा झाली. त्यांत ज्ञानबा नावाचा एक रस्त्याचा मुकादम होता, पस्तिशीचा, डोक्याने हळू पण एकदा कळलेलं न विसरणारा.

आवारात कादरने दोन खांब रोवून गुडघाभर उंचीवर वीस फुटांचा एक झुलता पूल टांगला होता. शिकवणी त्याच्यापासूनच सुरू व्हायची. आधी विटा रचायच्या आणि पूल किती वाकला ते दोऱ्याने मोजायचं. मग विटा काढून बारा जणांनी त्याच्यावर नुसतं उभं राहायचं. पूल मुकाट उभा राहायचा. मग कादर एकट्या ज्ञानबाला मधोमध उभा करायचा आणि खुर्शीदबीला हाक मारायचा. ती उखळ बाहेर आणायची आणि मुसळाचे घाव घालायची, आधी सावकाश, मग थोडे जलद. ज्ञानबाने त्या घावावर पाय आपटायचे. सावकाश घावांनी काही व्हायचं नाही. फार जलद झाले तरी काही व्हायचं नाही. मधेच एक ठेका असा यायचा की पूल एकाएकी उसळायला लागायचा, आणि पाचव्या-सहाव्या पावलाला ज्ञानबा जमिनीवर उडी मारायचा. खुर्शीदबीच्या हातात तो ठेका बसला होता. तो आला की ती स्वतःहून थांबायची आणि दुसरीकडे बघायची.

"बारा माणसांनी जे झालं नाही ते एका माणसाने झालं," कादर म्हणायचा. "आता फळ्याकडे या. याचं गणित बघू." आणि मग हरकियात सुरू व्हायची, तिथेच, पुलाच्या शेजारी. पूर आलेलं पाणी पुलाच्या खांबाला कसं धडका देतं, वाऱ्याने पत्र्याचं छप्पर कसं थरथरतं, जिनातल्या यंत्राने भिंतीला भेगा का जातात, हे सगळं तो त्याच फळ्यावर मांडायचा. गणिताला पाय जमिनीवर ठेवूनच चालू द्यायचं, असा त्याचा नेम होता.

पहिल्या दिवशी तो धनगरवाडीच्या पुलाची हकिकतही सांगायचा. पूल कोणी आखला ते सांगायचा, आणि मेलेल्यांची नावं सांगायचा.

ही गोष्ट बाजारात फिरत फिरत मसाजीच्या कानावर गेली. एका शुक्रवारी तो आवारात येऊन उभा राहिला. शिकवणी चालू होती.

"कादरभाई," तो म्हणाला. आता तो साहेब म्हणत नव्हता. "माह्या लेकीला फळ्यावर चढवलं म्हनं तुमी."

कादरच्या हातातला खडू खाली आला. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर बंद करतो, मसाजीबा."

मसाजी खाली बसला आणि म्हणाला, "काय सांगता ते माह्यासमोर सांगा."

कादरने सांगितलं. सुरुवातीपासून. मुसळाचे घाव झाले, पूल उसळला. मसाजी त्या उसळणाऱ्या फळीकडे टक लावून पाहत होता. कादर पुढे बोलला, मेंढरांची पावलं आणि ढोलावरची पावलं यांत काय फरक ते बोलला. शेवटी त्याने खेमाचं नाव घेतलं आणि मिराबाईचं.

"येक चुकलं," मसाजी म्हणाला. "सरकारी कागदात लिवलं, नाचनाऱ्यांनी पूल पाडला. तुमी बी म्हनता, नाचनारी मानसं. माही मिरा नाचत नव्हती. ती मागं व्हती, निवदाचं ताट घेऊन. येका हातात ताट, म्हून तिला दोर धरता आला न्हाई." तो थांबला. "ते सांगत जा. नाव घ्यायचं तर बराबर घ्या."

कादरने खडू उचलला, आणि फळ्याच्या कोपऱ्यात ते सगळ्यांच्या देखत लिहून घेतलं. त्यानंतर दरवर्षी तो ते तसंच सांगत गेला.

१९४५ साली ज्ञानबा परीक्षा पास होऊन सब-ओव्हरसियर झाला, आणि त्याच्याच हाती धनगरवाडीचा नवा पूल आला. पुन्हा झुलताच, कारण दगडी पूल अजूनही मंजूर नव्हता. पण यावेळी दोन्ही बाजूंचे कठडे आडव्या-तिरप्या लाकडांनी जखडून ताठ केले होते, आणि खालून दोन दोरखंड काठांना तिरपे ताणले होते. कादर आखणीत कुठेच नव्हता. ज्ञानबाने कागद दाखवले तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "परीक्षा कशी घेणार?"

"वाळूची पोती ठिवून."

"आणि?"

ज्ञानबाला कळलं. तो वाडीला गेला आणि मसाजीशी बोलला. मसाजी दोन दिवस मेंढरं घेऊन रानातच राहिला. यशोदाबाईने जेवणच सोडलं. तिसऱ्या दिवशी मसाजी खेमाच्या घरी गेला आणि त्याच्या भावाकडून ढोल मागून आणला.

पुलाखाली ज्ञानबाने जाळीसारखे जाड दोर बांधून घेतले होते. कादर सगळ्यांच्या आधी पुलावर चढला आणि मधोमध जाऊन उभा राहिला. "मी इथेच उभा राहीन," तो म्हणाला. "ज्याला यायचंय त्याने स्वतःच्या मर्जीने यावं." दहा बाप्ये आले. मग आणखी दहा. बायांना काठावरच थांबवलं. मसाजी शेवटी आला, गळ्यात ढोल अडकवून. त्याने कादरकडे पाहिलं नाही. थाप टाकली.

पावलं पडली. मसाजी हळूहळू ठेका वाढवत गेला, कादरने सांगितलं होतं तसा, एक एक पायरी. प्रत्येक ठेक्यावर शंभर पावलं. कादरचे डोळे मिटलेले होते, सगळा जीव तळपायात आला होता. जुन्या पुलाने ज्या ठेक्यावर उसळी घेतली होती तो ठेका आला. फळी दचकली, दोन सुतं खाली गेली, परत आली, आणि तेवढ्यावरच राहिली. पावलं पडत राहिली, कंप वाढला नाही. पुढचा ठेका आला, त्याच्या पुढचा. शेवटी मसाजीचे हात थकले. ढोल थांबला तेव्हा पूल एका श्वासात स्थिर झाला.

कोणी ओरडलं नाही, भंडारा उधळला नाही. मसाजीने ढोल गळ्यातून काढला आणि कठड्याला टेकून तो ढसाढसा रडला. नऊ वर्षांत त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. कादर त्याच्या शेजारी उभा राहिला, पण त्याला हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही. थोड्या वेळाने यशोदाबाई काठावरून चालत आली, पदराने तोंड झाकून, आणि नवऱ्याला हाताला धरून पलीकडे घेऊन गेली.

पुढची तीन वर्षं वाईट गेली. महेबूब मिस्त्री वारला. १९४८ च्या पावसाळ्यात मुलूख दहशतीने भरला. माणसं शुक्रवारी घराबाहेर पडेनाशी झाली आणि शिकवणी बंद पडली. सप्टेंबरात फौज आली, निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत हिंगोलीतल्या कितीतरी मुसलमान घरांना कुलपं लागली. खुर्शीदबीच्या भावाने हैदराबादला या म्हणून निरोप धाडला. ती गेली नाही. मसाजी आठ दिवस कादरच्या ओट्यावर काठी घेऊन बसला. काहून बसला हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

वर्ष सरता सरता नवे अधिकारी आले. त्यांनी कादरला बोलावलं, नीट बोलले. शिकवणी पुन्हा सुरू करायला हरकत नव्हती. पण परीक्षा आता उर्दूतून होणार नाहीत. "मराठीत शिकवता येईल का तुम्हाला?"

कादर जन्मभर मराठी बोलत आला होता, पण लिहिता एक अक्षर येत नव्हतं. तो ज्ञानबाकडे गेला. दोघे रोज दुपारी आवारात बसू लागले. कादर उर्दू वही उजवीकडून उलटत वाचायचा, तोंडाने मराठी सांगायचा, आणि ज्ञानबा ते डावीकडून लिहायचा. सुकूनियातला काय म्हणायचं यावर अडलं नाही. हरकियातवर मात्र दोन दिवस गेले. ज्ञानबाने आठवतील ते शब्द सांगितले, कादरला एकही पटेना. शेवटी आतून खुर्शीदबी म्हणाली, "हलतं-चालतं लिहा की. कोणाला कळणार नाही?"

ज्ञानबाने कादरकडे पाहिलं. कादरने मान डोलावली. ज्ञानबाने टाक शाईत बुडवला आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहिलं, हलत्या-चालत्या वजनांचं शास्त्र. मग म्हणाला, "सांगा. फुडं काय?"